समोरच्या अंगणातला बंब

तारीख सोळा नोव्हेंबर, वार रविवार. तांब्याचा जुना बंब, वजन तेरा किलो सातशे ग्रॅम, किंमत आठ हजार पाचशे रुपये. ओट्याच्या विटा, सिमेंट, रेती आणि गवंड्याची मजुरी वेगळी. हजर माणसं चार : मी, माझी बायको सुनंदा, गवंडी, आणि व्हरांड्यात खुर्चीवर माझा थोरला भाऊ, ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं. त्याला आम्ही दादा म्हणतो. म्हणायचो, असं लिहायला पाहिजे. सवय अजून बदललेली नाही.

त्या गोष्टीला वर्ष झालं. आता पुन्हा थंडी पडली आहे. खामगाव हे काही थंडीचं गाव नाही, उन्हाचं आहे. पण दिवाळी उलटली की पहाटेचे दोन-तीन तास हवा अशी होते की लोखंडाला हात लावू नये. मी जिनिंगच्या वजनकाट्यावर आहे, त्यामुळे ही थंडी मला कापसाच्या गाड्यांसोबत कळते. काट्यावर गाडी चढते, वर बसलेला माणूस कान बांधून उकिडवा बसलेला असतो, आणि कापसात हात खुपसला तर आत ऊब असते. आधी भरलेली गाडी मोजायची, मग रिकामी. दोन्हींतला फरक तो माल. सत्तावीस वर्षं हेच केल्यामुळे मला इतर गोष्टींचाही विचार असाच करायची खोड लागली आहे. माणूस गेल्यावर घराचं वजन किती कमी झालं, हे मी मनात मांडून पाहिलं. आकडा आला नाही.

आमच्या मूळ गावी, डोणगावला, घरामागं तीन दगडांची चूल होती आणि तिच्यावर पाणी तापवायचं मोठं भांडं, गुंड. बाहेरून कोळशासारखं काळं, आतून चिंचेनं घासलेलं. बाबा उजाडायच्या आत मळ्यात गेलेले असत, आई भाकरीला बसलेली असे, म्हणून मला आंघोळ घालायचं काम दादाकडे होतं. तो माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. पाणी उपसलं की आधी तो स्वतःचं कोपर त्यात बुडवायचा, क्षणभर थांबायचा आणि मग तांब्या भरायचा. बोटं खोटं सांगतात, कोपर सांगत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. मी दगडावर कुडकुडत उभा. पाठीवर पहिला तांब्या पडला की अंगातून वाफ निघायची आणि तिला तुराट्यांच्या धुराचा वास असायचा. तो वास शाळेतही डोक्याला राहायचा. वर्गात सगळ्यांच्याच डोक्याला असायचा, त्यामुळे कोणी कोणाला काही म्हणत नसे.

पुढं मी शिकलो, खामगावला आलो, गॅस आला, गीझर आला. दादा डोणगावलाच राहिला. वांगी, टमाटे, मांडवावर कारली, बाकीच्या शेतात तूर. वहिनी लवकर गेली. एक मुलगी, मंदा, ती रोहिणखेडला दिली. मागच्या वर्षी गणपतीच्या दिवसांत वांग्याच्या ओळीत पाणी देता देता तो आडवा झाला. लकवा. जीव वाचला, बोलणं थोडं जड झालं, डावा पाय ओढत का होईना चालू लागला. डावा हात मात्र लाकडासारखा. दवाखान्यातून मी त्याला सरळ माझ्या घरी आणलं. मंदा म्हणत होती तिच्याकडे नेते, पण दादा लेकीच्या सासरी राहायला तयार झाला नाही.

हातात जीव येईल का, एवढाच प्रश्न होता. डॉक्टर म्हणाले, येईलही, व्यायाम करत राहा. दादानं त्याचा सरळ अर्थ लावला. ज्या दिवशी हाताला गरम-थंड कळेल, त्या दिवशी तो डोणगावला जाणार होता. तोवर तो कपड्यांची पिशवी उघडायला तयार नव्हता. सुनंदानं दोनदा त्याचे कपडे कपाटात लावले, दोनदा त्यानं उजव्या हातानं ते परत पिशवीत भरले.

गीझरच्या पाण्याबद्दल त्यानं कधी तक्रार केली नाही. भावजयीच्या घरात तो पाणीसुद्धा मागून पीत नसे. एकदाच, मी त्याच्या पाठीवर पाणी घालत असताना म्हणाला,

"पानी गरम हाय बे रम्या, पन आंगाले लागत नाई. वरून वाहून जाते."

मला ते पटलं नाही. पाण्याचं तापमान म्हणजे तापमान. ते गॅसवर आलं काय, लाकडावर आलं काय. पण त्याच आठवड्यात मी जुन्या भांड्यांच्या दुकानात उभा होतो आणि दुकानदार बंब काट्यावर ठेवत होता. त्याचा काटा पन्नास ग्रॅम जास्त दाखवत होता, हे मी त्याला सांगितलं.

बंब ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी : मधून एक नळी वर जाते, तिच्यात जळण टाकायचं. भोवती पाणी. खाली जाळी, जाळीखाली राखेचं ताट, समोर तोटी. एकच नियम. आत पाणी असल्याशिवाय जाळ करायचा नाही आणि जाळ असेपर्यंत पाणी संपू द्यायचं नाही. नाहीतर सांधे सुटतात. दुकानदारानं हे दोनदा सांगितलं.

बसवायचा कुठे, याचा मी दोन दिवस विचार केला. मागं जागा अरुंद, वर नव्या इमारतीच्या गॅलऱ्या, तिथल्या लोकांचे कपडे वाळत असतात. बाजूच्या बोळात पाण्याची मोटर. समोर, फाटक आणि व्हरांड्याच्या मधे, मोकळी जागा होती. न्हाणीघरापर्यंत बादली न्यायला चौदा पावलं, दादाला खुर्चीवरून जाळ दिसेल, धूर रस्त्याच्या अंगानं निघून जाईल. सगळं बसत होतं. मी खडूनं चौकोन आखला. गवंड्यानं खडूकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "अठीच?" सुनंदा दारातून म्हणाली, "समोर?" दोघांनाही मी चौदा पावलांचा हिशेब समजावून सांगितला. गवंड्यानं थापी उचलली, सुनंदा आत गेली. मला वाटलं, पटलं.

ओटा वाळायला तीन-चार दिवस दिले. मग एका पहाटे साडेपाचला बंब पेटवला. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, नळीत टाकली, खालून कागद दिला. पऱ्हाटी कडकड पेटते, लवकर संपते. मधून मधून बाभळीचं एखादं लाकूड द्यावं लागतं. हवा जड होती. धूर वर गेलाच नाही, फाटकावरून उतरून गल्लीत पसरला. मी तोटीजवळ उकिडवा बसून होतो. हात-पाय शेकत होते, बरं वाटत होतं.

सगळ्यात आधी समोरचे वसंतराव आले. एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. खांद्यावर टॉवेल, चप्पल काढून फाटकात उभे. त्यांच्या मागून आणखी दोघं, मग चौघं. येऊन कंपाउंडच्या भिंतीला टेकून खाली बसले. मला वाटलं, बंब पाहायला आले. आजकाल कोणाच्या घरी बंब दिसतो? मी म्हणालो, बसा, पाणी तापतच आलं. वसंतरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तेवढ्यात त्यांच्या मंडळी, निर्मलाकाकू, सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि कणीक मळणाऱ्या सुनंदाला धरून रडू लागल्या. सुनंदाला वाटलं त्यांच्याकडेच काही झालं. तीही रडू लागली. दोघी एकमेकींना समजावत होत्या, असं तिनं नंतर सांगितलं.

आणि आतून दादाचा जड आवाज आला.

"कोन आलं बे, रम्या?"

भिंतीला टेकलेली माणसं एकदम ताठ झाली. माझ्या लक्षात तेव्हा आलं.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्या आंघोळीचं पाणी घरात तापवत नाहीत. मागंही नाही. समोर, अंगणात, दगड मांडून. बाबांच्या वेळी असंच तापवलं होतं, आईच्या वेळीही. पहाटे समोरच्या अंगणातून धूर निघाला की गल्ली टॉवेल घेऊन निघते, कोणी सांगायला जावं लागत नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं. पावलं मोजताना तेवढंच आठवलं नाही. घरात आजारी माणूस आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दादा काठी टेकत व्हरांड्यात आला. बंबाकडे पाहिलं, भिंतीजवळच्या माणसांकडे पाहिलं, वसंतरावांच्या खांद्यावरचा टॉवेल पाहिला. त्याला समजायला माझ्यापेक्षा कमी वेळ लागला. एका बाजूनं वाकडं झालेलं तोंड आणखी वाकडं करून तो हसला.

"आलेच आहात तं पानी टाकून जा मंग. तेवढंच रम्याचं काम हलकं होईन."

कोणालाच कुठं पाहावं कळेना. वसंतराव अपराध्यासारखे म्हणाले, "दादा, म्या तं बांबूवाल्याले फोन पन केला."

"येऊ द्या बांबू," दादा म्हणाला. "कारल्याच्या मांडवाले कामी येतीन."

मग हसणं सुरू झालं. सुनंदानं सगळ्यांना चहा केला. बांबूवाल्याला परत फोन गेला. तो बराच वेळ काहीतरी बोलत होता, वसंतराव नुसतं हाव हाव करत होते. जाताना त्यांनी घरी बादली काढून ठेवायला सांगितलं. निघालो तेव्हा मयतीला म्हणून निघालो, आंघोळ तर करावीच लागेल, असं त्यांचं म्हणणं. दादानं आमच्या बंबातलं पाणी न्यायला सांगितलं. त्यांनी खरंच एक बादली नेली.

त्या दिवसाची आंघोळ दादानं हसत केली. एवढं मला नक्की आठवतं.

नंतर गल्लीला सवय झाली. निर्मलाकाकू आमच्या धुरावर चहा ठेवायला लागल्या. धूर दिसला म्हणजे सहा वाजत आले. दुधवाला फाटकात उभा राहून हात शेकायचा. राखेच्या ताटात दादा वांगी भाजायला लावायचा. वांगी मी बाजारातून आणायचो आणि तो प्रत्येक वांग्याला नावं ठेवायचा, हे पाण्याचं, हे औषधाचं, याले बी लय. भरीत मात्र दोन भाकऱ्यांसोबत खायचा. तुरीच्या शेंगा आल्या तेव्हा त्याही राखेत. एका हातानं शेंग सोलता येत नाही. सुनंदा सोलून वाटीत ठेवायची आणि तिथून उठून जायची, म्हणजे त्याला तिच्यासमोर खावं लागू नये.

रोजची आंघोळ एकाच पद्धतीनं व्हायची. तोटीचं पाणी बादलीत, त्यात थंड. मी कोपर बुडवून पाहायचो. ज्या हाताला काही कळत नाही तो पोळेल आणि पत्ताही लागणार नाही, याची मला धास्ती होती. मग त्याचा डावा हात मी स्टुलावर ठेवायचो आणि पहिला मग त्याच्यावर हळूहळू घालायचो.

"लागते?"

"नाई."

एवढंच. मग बाकीची आंघोळ. तो कधी दुखलेलं दाखवत नसे, मीही दाखवत नसे. दिवसातून एकदा विचारायचं, एकदा ऐकायचं. काही दिवसांनी ते विचारणंही पाणी घालण्यासारखं झालं, आपोआप व्हायचं. मला त्याचं काही वाटेनासं झालं. आज मला आश्चर्य वाटतं ते या गोष्टीचं, की तो 'नाई' मला सोसू लागला होता.

संक्रांतीच्या आसपास मंदा आणि जावई टेम्पोतून तुराट्या घेऊन आले. दादाच्याच शेतातल्या. तूर कापून झाली होती, ते काम जावयानं पाहिलं होतं. दादा खुर्ची सरकवून टेम्पोपर्यंत गेला, एक तुराटी ओढून काढली, बुडाशी अंगठ्यानं जाडी पाहिली, वास घेतला.

"यंदा तूर बरी झाली असन," तो म्हणाला. मंदा म्हणाली, बरी झाली. त्यानं क्विंटल विचारले नाहीत. मी विचारणार होतो, पण मंदाचं तोंड पाहून थांबलो.

त्याच्यानंतर दोन-तीन दिवसांची गोष्ट. मी स्टुलावर हात ठेवला, मगानं पाणी घातलं, विचारलं आणि दादा म्हणाला,

"लागलं."

मी मग खाली ठेवला. बादलीत कोपर घातलं. पाहिलं तर मगात बादलीतलं पाणी नव्हतं. घाईत मी तो शेजारच्या घमेल्यातून भरला होता. गार पाण्याचा. रात्रभर बाहेर राहिलेलं, बर्फासारखं पाणी.

तो लागलं म्हणाला होता. गरम लागलं म्हणाला नव्हता. गार लागलं असेल तर हाताला खरंच कळलं होतं. आणि माझ्या समाधानासाठी म्हणाला असेल, तर रोजच्या त्या विचारण्यानं मी त्याला किती थकवलं होतं, हे कळलं होतं. या दोन्हींतलं कोणतं, ते एका प्रश्नात समजलं असतं. मी विचारलं नाही. गरम पाण्याचा मग भरला, हातावर घातला आणि पुन्हा विचारायच्या ऐवजी साबण घेतला. त्या दिवशी दुपारी त्यानं पिशवीतला एक सदरा काढून कपाटात ठेवला, हे सुनंदानं पाहिलं. जायचं ठरलं म्हणून काढला की राहायचं ठरलं म्हणून, हे आम्हा दोघांनाही सांगता आलं नाही.

पुढच्या आठवड्यात एका पहाटे मी नेहमीसारखा बंब पेटवला. त्याच्याच शेतातल्या तुराट्या. पाणी खदखदायला लागलं तेव्हा त्याला उठवायला आत गेलो. तो उठला नाही. पाठीवर सरळ झोपला होता, उजव्या हातात डावा हात धरलेला. काय करायचं असतं ते मला माहीत होतं, पण कुठून सुरू करायचं ते सुचत नव्हतं. सुनंदाला हाक मारली. मग अंगणात आलो आणि बंबाजवळ उभा राहिलो.

धूर गल्लीत पसरला होता. मी वाट पाहत होतो, हे मला थोड्या वेळानं कळलं. कोणी येत नव्हतं. समोर निर्मलाकाकूंच्या स्वयंपाकघरात दिवा लागला, म्हणजे चहा ठेवला. दुधवाला आला, हात शेकले, गेला.

शेवटी रस्ता ओलांडून गेलो. वसंतराव ओट्यावर दात घासत होते. मला पाहून त्यांनी चूळ भरली.

"आज लवकर तापलं वाटते?"

"वसंतराव," मी म्हणालो, "टॉवेल घ्या."

ते हसायला लागले. मग माझ्याकडे नीट पाहिलं आणि थांबले. आत वळून काकूंना काहीतरी सांगितलं. मग फोन लावला. पलीकडून बांबूवाल्यानं काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही, पण वसंतराव खालच्या आवाजात म्हणाले, "हाव भाऊ. या टायमाले खरं हाय."

मंदा रोहिणखेडहून येईपर्यंत थांबलो. वेगळे दगड मांडून वेगळं पाणी तापवावं, असं एक-दोघं म्हणाले. वसंतराव म्हणाले, हे त्याच्यासाठीच तापलेलं आहे. मग बंबातलंच पाणी घेतलं, सगळं. पहिला तांब्या मी घालायचा होता. मी बादलीत कोपर बुडवलं. डावा हात बाजूला सरळ केला, त्याच्यावर पाणी घातलं आणि म्हणालो, "लागते?"

आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांनी ऐकला. कोणीतरी माझ्या हातातून तांब्या काढून घेतला. मी दिला. रडू आलं नाही. आजपर्यंत आलेलं नाही. मंदाला वाटतं काका खंबीर आहेत.

आम्ही परत आलो तेव्हा बंबाच्या बुडाशी डबकं झालं होतं आणि त्याच्या तांब्याच्या पत्र्यावर निळसर-काळे डाग पडले होते. पाणी सगळं काढून घेतलं होतं, नळीत तुराट्या तशाच जळत होत्या आणि सुटलेल्या सांध्यातून उरलंसुरलं पाणी ओघळलं होतं. जाळ काढायचं कोणाच्याच ध्यानात आलं नाही. त्या दिवसापासून बंब ओट्यावर पालथा होता. वर्षभर आम्ही गीझरच्या पाण्यानं आंघोळ केली. पाणी गरम असतं. वरून वाहून जातं.

या वर्षी थंडी पडल्यावर सुनंदानं विचारलं, मोडीत देता का? मी हो म्हणालो आणि बंब स्कूटरला बांधून निघालो. मोडवाल्याच्या अलीकडे भांड्यांच्या सुटलेल्या सांध्यांना डाख देणारा एकजण बसतो. तिथं थांबलो. त्यानं बंब उलटासुलटा करून पाहिला.

"कोरडा जळला दिसते. पानी सरलं तं जाळ काऊन नाई काढला?"

"घरात गडबड होती," मी म्हणालो.

त्यानं साडेतीनशे सांगितले आणि म्हणाला, पैसे आता नको, पाणी भरून जाळ करून पाहा, गळला नाही तर द्या.

काल पहाटे पेटवला. मागच्याच तुराट्या, वर्षभर जिन्याखाली पडून अगदी वाळलेल्या. धूर फाटकावरून उतरून गल्लीत गेला. पाच मिनिटांत वसंतराव फाटकाशी. खांद्यावर टॉवेल नव्हता, हातात होता, चुरगळून पाठीमागं धरलेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागं दारात उभ्या असलेल्या सुनंदाकडे. दोघंही आहोत हे मोजून झालं, तेव्हा म्हणाले,

"काई नाई. धूर दिसला म्हून आलो."

"बसा," मी म्हणालो. ते भिंतीला टेकून बसले. बंब गळत नव्हता. पाणी तापलं तेव्हा मी तोटी सोडली आणि डावा हात खाली धरला. लागत होतं. मी तो तिथंच धरून ठेवला, वसंतराव "आहो, पोळन" म्हणेपर्यंत. त्यांच्यासाठी एक बादली भरून दिली.

संध्याकाळी काट्यावरून सुटल्यावर डाखवाल्याकडे गेलो. गळत नाही म्हणून सांगितलं. रुपये साडेतीनशे, रोख, त्याच्या हातात.